तळाची माती आणि नळाचं पाणी

काचेच्या टाकीत जिवंत पाणवनस्पती वाढवायच्या ठरवल्या की दिवा, फिल्टर, मासे हे सगळं मागाहून बदलता येतं. तळ मात्र एकदाच घालायचा असतो. तो बदलायचा म्हणजे झाडं उपटायची, टाकी रिकामी करायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. म्हणून प्लांटेड टँक मांडणारा माणूस सगळ्यात जास्त अडखळतो तो तळाच्या मातीपाशी. पुण्यात त्याला सल्ला देणारे तीन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतो, जपानी किंवा युरोपी अ‍ॅक्वासॉइलची पिशवी आणा आणि ओता. दुसरा म्हणतो, नर्सरीतल्या तांबड्या मातीत थोडं गांडूळखत मिसळा, वर वाळूचा थर द्या, हजारो रुपये वाचतील. तिसरा म्हणतो, मातीच्या फंदात पडूच नका, धुतलेली वाळू घाला आणि मुळांशी खताच्या गोळ्या खोचा. या तिन्ही वाटांनी उत्तम झालेल्या टाक्या शहरात आहेत, आणि शेवाळाने भरून बंद पडलेल्याही आहेत.

माझं मत असं की कोणती माती जास्त पौष्टिक, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. माती अन्न किती धरून ठेवते आणि आपल्या नळाला पाणी कोणतं येतं, हे दोन प्रश्न त्याच्या आधी सुटायला हवेत. पुण्यात तर नक्कीच, कारण इथे शेजारच्या दोन सोसायट्यांचं पाणीही एकसारखं असेल याचा भरवसा नाही.

आधी झाडाच्या बाजूने पाहू. पाण्यातलं झाड पानांनीही अन्न घेतं आणि मुळांनीही. पाण्यात बुडालेल्या झाडाला मुळं फक्त रोवून उभं राहण्यापुरती लागतात, असा समज बरीच वर्षं होता. १९८० साली कॅनडातल्या कॅरिन्यान आणि काल्फ या दोन संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की तळात रुजलेल्या पाणवनस्पती फॉस्फरसचा मोठा वाटा गाळातूनच उचलतात. त्याच सुमारास अमेरिकेत बार्को आणि स्मार्ट यांनी तळ्यातल्या वनस्पतींवर केलेल्या कामातून चित्र आणखी स्पष्ट झालं. नत्र, फॉस्फरस आणि लोहासारखी सूक्ष्मद्रव्यं प्रामुख्याने तळातून मिळतात. पोटॅशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मात्र झाड मुख्यतः पाण्यातून घेतं. तळ कसा असावा याचा अर्धा निकाल या विभागणीतच लागतो. तळाने सांभाळायचं ते नत्र, फॉस्फरस आणि लोह. पोटॅशियमचा साठा मातीत भरून ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

नत्र आणि फॉस्फरस तळात न राहता पाण्यात उतरले तर काय होतं, हे पाहायला पुणेकराला पुस्तक उघडावं लागत नाही. मुळा-मुठेच्या पात्रावर आणि पाषाणच्या तलावावर पसरणारी जलपर्णी हे त्याचं उत्तर आहे. सांडपाण्यातून आलेलं नत्र आणि फॉस्फरस पाण्यात विरघळलेलं असतं आणि ज्याची मुळं पाण्यातच लोंबतात त्याला ते सगळ्यात आधी मिळतं. टाकीत जलपर्णी नसते, तिच्या जागी शेवाळ असतं. नवीन लावलेल्या रोपांची मुळं धरायला दोन-तीन आठवडे लागतात, शेवाळाला तेवढी वाट पाहावी लागत नाही. म्हणून पौष्टिक माती चांगली की वाईट हे तिच्यातल्या अन्नाच्या प्रमाणावर ठरत नाही. ते अन्न ती मुळांपाशी रोखून धरते की पाण्यात सोडून देते, यावर ठरतं.

धरून ठेवण्याचं हे काम चिकणमातीचे आणि कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांचे कण करतात. त्यांच्या पृष्ठभागावर ऋणभार असतो. अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम, लोह यांचे धनभारित आयन त्याला चिकटून राहतात आणि मुळांनी मागितले की सुटतात. मृदाशास्त्रात याला धनायन विनिमय क्षमता म्हणतात आणि ती दर १०० ग्रॅम मातीमागे मिलीइक्विव्हॅलंटमध्ये मोजतात. स्वच्छ वाळूची ही क्षमता जवळजवळ शून्य असते. केओलिनाइट प्रकारच्या चिकणमातीची ३ ते १५, माँटमोरिलोनाइटची ८० ते १२०, आणि पूर्ण कुजलेल्या ह्यूमसची त्याहूनही जास्त.

हे आकडे पाहिले की कोणाही पुणेकराच्या मनात पहिल्यांदा काळी मातीच येणार. बेसॉल्ट झिजून तयार झालेली ही माती माँटमोरिलोनाइट गटातल्या चिकणमातीने भरलेली असते, आपल्या दाराशी असते आणि फुकट मिळते. कापूस आणि ज्वारी पोसणारी ही माती टाकीत मात्र त्रास देते. ती पाण्यात फुगते, लोण्यासारखी होते आणि रोप उपटताना वरच्या वाळूतून वर येऊन सगळं पाणी गढूळ करते. ते पाणी निवळायला कधीकधी आठवडा लागतो. पण याहून मोठी अडचण चुन्याची आहे. पुण्याच्या पूर्वेकडच्या, कमी पावसाच्या पट्ट्यातल्या काळ्या मातीत चुनखडी मुरलेली असते आणि तिचा पीएच बहुधा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान असतो. अशा मातीत लोह असतं, पण विरघळत नाही. फॉस्फरस असतो, पण कॅल्शियमशी बांधला जातो. चुनखडीच्या रानात उसावर केवडा पडतो तो याच कारणाने. कोवळी पानं पिवळीपांढरी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि शेतकरी हिराकस फवारतो. टाकीतल्या लुडविजियाच्या किंवा अ‍ॅमेझॉन स्वोर्डच्या नव्या पानांवर तसाच पिवळेपणा दिसला की पुष्कळ जण आणखी खत घालतात. झाडाची उपासमार तिथे चुन्यामुळे झालेली असते.

चुना आहे की नाही हे घरी कळतं. वाळलेल्या मातीच्या ढेकळावर व्हिनेगर टाकायचं; बुडबुडे येऊन फसफसलं तर ती माती टाकीसाठी नाही. नेमकं हवं असेल तर माती परीक्षण प्रयोगशाळेच्या अहवालात पीएच, क्षारता आणि सेंद्रिय कर्बाबरोबर मुक्त चुन्याचा आकडाही मिळतो. शेतकऱ्याला हा अहवाल वाचायची सवय असते. शहरातल्या छंदिष्टानेही एकदा तो करून घ्यायला हरकत नाही; पुढची दोन-तीन वर्षं ज्या मातीवर काढायची तिची एवढी चौकशी योग्यच आहे.

तांबड्या मातीची गोष्ट वेगळी आहे. मावळ, मुळशी, भोर आणि महाबळेश्वरच्या बाजूला पाऊस इतका पडतो की मातीतला चुना आणि इतर क्षार धुऊन जातात. मागे उरतात लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं आणि केओलिनाइट. तिची अन्न धरण्याची क्षमता काळ्या मातीच्या जवळपासही येत नाही, पण ती फुगत नाही, थोडी आम्लधर्मी असते आणि लोहाने भरलेली असते. हे लोह गंजाच्या रूपात, म्हणजे न विरघळणारं असतं. वाळूच्या थराखाली ऑक्सिजन कमी झाला की तळातले जिवाणू त्याचं विरघळणाऱ्या फेरस लोहात रूपांतर करतात आणि मुळं ते उचलतात. बुडालेल्या भातखाचरात हीच क्रिया चालते. तळातला थोडा ऑक्सिजनचा अभाव झाडाला उपयोगी पडतो तो असा. मुळं स्वतः पोकळ ऊतींतून वरून ऑक्सिजन खाली आणतात आणि आपल्याभोवती पातळ वलय राखतात, त्यामुळे त्यांना गुदमरायला होत नाही.

या लोहाच्या बळावर एका जर्मन कंपनीने एकेकाळी जगभर बाजार मिळवला, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाने हा इतिहास जाणून घ्यायलाच हवा. कास्पर हॉर्स्ट आणि हॉर्स्ट किपर हे दोघे आग्नेय आशियातल्या ओढ्यांमध्ये क्रिप्टोकोरिन कशी वाढते याचा अभ्यास करत होते. त्यांना जिथे-तिथे तळाशी लॅटराइटची तांबडी माती आढळली. त्यांच्या डुप्ला कंपनीने लॅटराइटचं मिश्रण टाकीच्या तळात घालण्यासाठी विकायला सुरुवात केली. तळाखाली मंद तापणाऱ्या वीजतारा बसवून पाणी संथपणे वर खेचायची पद्धतही त्यांचीच. १९८६ मध्ये इंग्रजीत आलेलं त्यांचं ‘द ऑप्टिमम अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक एका पिढीचं पाठ्यपुस्तक झालं. लॅटराइट हे नाव शास्त्राला मिळालं ते १८०७ मध्ये, फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातल्या दगडावरून दिलं म्हणून. कोकणातल्या घरांच्या भिंती ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधल्या जातात तोच हा दगड. जर्मनीतला छंदिष्ट जी माती डब्यातून विकत घेत होता ती सावंतवाडीच्या माणसाच्या पायाखाली होती. मात्र तांबडी माती एकटी पुरत नाही, हेही तेव्हाच कळलं. तिच्यात लोह भरपूर, नत्र आणि फॉस्फरस बेताचे. ज्यांनी नुसतं लॅटराइट घातलं त्यांच्या टाक्या वर्षभराने मंदावल्या. तारांचं तर पुण्यात कामच नाही. इथे उन्हाळ्यात टाकी थंड कशी ठेवायची ही चिंता असते.

नत्र आणि फॉस्फरसची ही उणीव भरून काढायचा स्वस्त मार्ग अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड यांनी लोकप्रिय केला. १९९९ साली आलेल्या ‘इकॉलॉजी ऑफ द प्लांटेड अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकात त्यांनी साध्या बागेच्या मातीचा सुमारे एक इंच थर आणि त्यावर तेवढीच बारीक खडी एवढ्यावर टाकी उभी केली. माती कुजताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो झाडांना मिळतो. वेगळा सिलिंडर लागत नाही. भारतात या पद्धतीने आपलं रूप घेतलं ते गांडूळखतामुळे. ते पुण्यात कुठल्याही नर्सरीत मिळतं, कच्च्या शेणखतासारखा त्यात तीव्र अमोनिया नसतो, नत्र एक ते दोन टक्के आणि ह्यूमस भरपूर.

पण वॉलस्टॅड यांचा एक इंच आणि आपला एक इंच सारखा नाही. २० अंश तापमानाच्या पाण्यात समुद्रसपाटीला लीटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर असल्यामुळे इथे त्याहूनही थोडा कमी. एप्रिल-मे महिन्यांत बंद घरातली टाकी सहज ३० अंशांवर जाते. तापमान वाढलं की कुजण्याचा वेग वाढतो आणि कुजायला लागणारा ऑक्सिजन मात्र कमी होतो. त्यामुळे थंड देशातल्या पुस्तकात लिहिलेलं सेंद्रिय पदार्थांचं प्रमाण इथे जसंच्या तसं घेतलं तर तळ काळा पडतो, टोचला की सडक्या अंड्याच्या वासाचे हायड्रोजन सल्फाइडचे बुडबुडे सुटतात आणि मुळं कुजतात. माझा आग्रह असा की पुण्यात गांडूळखत मातीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावं, आणि कोकोपीट तर नसावंच. ते तरंगतं, पाणी चहाच्या रंगाचं करतं आणि अन्न म्हणून त्याची किंमत नगण्य आहे.

इथलं ऊन मात्र एका बाबतीत मोठी मदत करतं. माती आणि गांडूळखताचं मिश्रण टबात भिजवायचं, वर आलेला काडीकचरा काढून टाकायचा, पाणी फेकायचं आणि ताडपत्रीवर पसरून पूर्ण वाळवायचं. असं तीन-चार वेळा. प्रत्येक फेरीत सहज कुजणारा भाग कुजून जातो, अमोनियाचं नायट्रेट होतं आणि जास्तीचे क्षार धुतले जातात. युरोपात या कामाला महिना लागतो. मे महिन्यात पुण्यातल्या गच्चीवर एक पाटी दोन दिवसांत कडक वाळते. शेवटी चाळणीतून गाळलेली माती हातात भुसभुशीत लागली आणि तिला पावसानंतरच्या जमिनीचा वास आला की ती तयार झाली. विकत घेताना मात्र एक पथ्य पाळायला हवं. नर्सरीतल्या तयार मिश्रणात युरिया, निंबोळी पेंड किंवा कीटकनाशक असू शकतं. काहीही न मिसळलेली तांबडी माती मागून घ्यावी. नदीकाठचा पोयटाही नको. शहराचं मैलापाणी ज्या पात्रातून वाहतं तिथला गाळ घरातल्या टाकीत आणू नये. गणेशोत्सवानंतर उरणाऱ्या शाडूबद्दलही पुष्कळ जण विचारतात. शाडू बारीक आणि निरुपद्रवी असते, पण झाडाला देण्यासारखं तिच्यात फारसं काही नसतं, आणि रंगवलेल्या मूर्तीची तर वापरूच नये.

आता अ‍ॅक्वासॉइल. त्याच्यामागे उभा आहे तो ताकाशी आमानो हा जपानी छायाचित्रकार. १९५४ मध्ये निगाता प्रांतात जन्मलेल्या आमानोने निसर्गदृश्यं टिपता-टिपता टाकीतच निसर्गदृश्य रचायची कला उभी केली, १९८२ मध्ये एडीए ही कंपनी काढली आणि २०१५ मध्ये त्याचं निधन होईपर्यंत जगभरातल्या छंदिष्टांच्या डोळ्यांसमोर त्याच्याच टाक्या होत्या. त्याच्या कंपनीची अ‍ॅमेझोनिया माती ही जपानमधली नैसर्गिक काळी माती भाजून केलेल्या गोळ्यांची असते. गोळ्यांमध्ये जागा राहते म्हणून तळ गच्च बसत नाही, आत सेंद्रिय पदार्थ आणि अमोनियम असतं, आणि या मातीचा खरा गुण असा की ती पाण्यातलं कॅल्शियम ओढून घेते, कार्बोनेटचा जोर मोडते आणि पीएच साडेसहाच्या आसपास आणून ठेवते. त्या पीएचला लोह आणि फॉस्फरस दोन्ही सहज मिळतात. पुढे ट्रॉपिका आणि फ्लुवल या कंपन्यांचीही तशीच माती आली. ही सोय खरी आहे आणि तिचे पैसे मोजण्यात काही चूक नाही. ६० सेंटिमीटर लांब आणि ३० रुंद अशा दोन फुटी टाकीत सरासरी ५ सेंटिमीटर थर द्यायला बरोबर ९ लीटर, म्हणजे एडीएची एक मोठी पिशवी लागते.

पण हा गुण पाण्यावर अवलंबून आहे, आणि इथे पुण्याचे दोन भाग पडतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचं पाणी सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचं आहे. ते मऊ असतं. ज्या पेठांमध्ये, कोथरूडला किंवा शिवाजीनगरला महापालिकेचं हे पाणी थेट येतं तिथे अ‍ॅक्वासॉइल दोन-तीन वर्षं आपलं काम चोख करते. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. तिथल्या अनेक सोसायट्या आजही बोअर आणि टँकरवर आहेत. बेसॉल्टच्या भेगांतून उपसलेलं ते पाणी जड असतं. दर आठवड्याला असं निम्मं पाणी बदललं की मातीची आम्ल सोडण्याची ताकद वापरली जाते, आणि काही महिन्यांत ती महागडी पिशवी साध्या भाजलेल्या मातीएवढीच उरते. त्याहून मोठा धोका पहिल्या महिन्यात असतो. नवी अ‍ॅक्वासॉइल अमोनिया सोडते. पीएच ७ असेल तर २८ अंशांना त्यातला एक टक्क्याहून कमी भाग माशांना विषारी रूपात असतो. पीएच ८ असेल तर सहा-सात टक्के. म्हणजे तीच माती, तेवढाच अमोनिया, पण जड पाण्यात विष जवळपास नऊ-दहा पट. पहिले तीन-चार आठवडे मासे न सोडणं आणि पाणी वारंवार बदलणं हे सगळीकडेच योग्य. वाघोली किंवा उंड्रीसारख्या भागात त्याला पर्याय नाही.

सोसायटीच्या सॉफ्टनरने प्रश्न सुटतो असं वाटतं, पण तो सुटत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून त्याजागी सोडियम घालतो. कार्बोनेट तसंच राहतं. साबणाला फेस येतो, नळावर पांढरे डाग पडत नाहीत, पण पीएच खाली येत नाही आणि झाडाला पाण्यातून हवी असलेली दोन मूलद्रव्यं नेमकी गायब झालेली असतात. माती विकत घेण्यापूर्वी थेंबांच्या चाचणीने पाण्याची एकूण कठीणता आणि कार्बोनेट कठीणता दोन्ही वेगवेगळ्या मोजाव्यात, आणि त्या स्वयंपाकघराच्या नळाच्या न मोजता टाकी ज्या नळाने भरणार त्याच नळाच्या मोजाव्यात. पहिली शून्याजवळ आणि दुसरी मोठी आली तर ते सॉफ्टनरचं पाणी. अशा घरी आरओचं पाणी मिसळून टाकी चालवणं जमत असेल तरच अ‍ॅक्वासॉइलवर खर्च करावा.

नाहीतर तिसरी वाट चांगली, आणि तिला कमी लेखलं जातं याचं मला वाईट वाटतं. निष्क्रिय वाळू, मुळांशी खताच्या गोळ्या आणि पाण्यात मोजून दिलेली द्रवखतं. यात तळ बिघडण्याची भीती जवळजवळ नाही, झाडं हवी तेव्हा उपटून लावता येतात आणि जड पाण्याने मातीचं काही वाया जात नाही, कारण माती नसतेच. शिवाय महाराष्ट्रात या वाटेचं सामान कृषी सेवा केंद्रात मिळतं. द्राक्षबागायतदार ठिबकातून जी विद्राव्य खतं सोडतो तीच इथे लागतात: १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. परदेशी बाटल्यांमध्ये पाण्यात विरघळवलेले क्षार बहुतेक हेच असतात. १९:१९:१९ मात्र टाकीत घालू नये. त्यातला नत्राचा बराच भाग युरिया आणि अमोनियमचा असतो. लोह घेताना पाकिटावर चिलेटचं नाव वाचावं. ईडीटीएचं लोह पीएच साडेसहाच्या वर टिकत नाही, डीटीपीएचं साडेसातपर्यंत टिकतं, त्याहून जड पाण्यात ईडीडीएचए लागतं आणि ते पाण्याला लालसर छटा देतं. बोअरच्या पाण्यावर ईडीटीएचं लोह घालत राहणं म्हणजे ते तळाशी गंज करून साठवणं आहे.

वाळूबद्दलही थोडं बोलतो. नदीची वाळू आता दुर्मिळ झाली आहे आणि बांधकामावर सगळीकडे बेसॉल्ट फोडून केलेली क्रश सँड दिसते. तिच्यातली भुकटी जाईपर्यंत धुतली तर ती पाण्यात काही सोडत नाही, पण तिचे कंगोरे धारदार असतात. कोरिडोरससारखे तळ चाळणारे मासे ठेवायचे असतील तर गोल कणांची सिलिका वाळू घ्यावी. कण एक ते तीन मिलिमीटरचे असावेत. याहून बारीक वाळू मातीवर झाकण घातल्यासारखी बसते, याहून जाड खडीतून माती वर येते. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी चिप्स कितीही सुंदर दिसल्या तरी त्या चुनाच आहेत. दोन फुटी टाकीत अडीच सेंटिमीटर मातीला साडेचार लीटर आणि वरच्या चार सेंटिमीटर थराला सव्वासात लीटर, म्हणजे साधारण ११ किलो वाळू पुरते. मातीचा थर याहून जाड करण्यात कोणाचाच फायदा नाही. जुन्या पद्धतीचा अंडरग्रॅव्हल फिल्टर असेल तर मात्र खाली माती घालूच नये. तो सगळं अन्न शोषून पाण्यात आणतो.

पण कोणती झाडं लावणार, हे या सगळ्याच्याही आधी ठरायला हवं. अनुबियस, जावा फर्न, बुसेफालंड्रा आणि मॉस यांना मातीची गरजच नाही. ती दगडाला किंवा लाकडाला बांधायची असतात. रोटाला, हायग्रोफिला यांसारखी दांड्याची झाडं पाण्यातून पुष्कळ खातात आणि तळ बेताचा असला तरी चालतो. क्रिप्टोकोरिन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड, व्हॅलिस्नेरिया आणि कुमुदिनीची जात मात्र मुळांवर जगते. त्यांच्यासाठी माती किंवा गोळ्या हव्याच. गच्चीवरच्या टबात कमळ लावायचं असेल तर तिथे काळी माती आणि कुजलेलं शेणखत हेच उत्तम. टब ढवळला जात नाही, पाणी उघड्यावर असतं आणि कमळाला खाणं प्रचंड लागतं.

सह्याद्रीतली आपली झाडं या वादात एक वेगळीच साक्ष देतात. क्रिप्टोकोरिन स्पायरॅलिस कोकणातल्या ओढ्याकाठी आणि भाताच्या खाचरांत वाढते. क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा तर कोकणाबाहेर सापडत नाही. दोघींच्या तळाशी जांभ्याची तांबडी माती असते. कास पठारावर पावसाळ्यात उगवणारा वायतुरा तर याहून टोकाचा. या अपोनोजेटॉन सातारेन्सिसचं वर्णन १९८२ मध्ये झालं. जांभ्याच्या सड्यावर बोटभर मातीत, पावसाच्या साचलेल्या पाण्यात तो दोन तुऱ्यांचा फुलोरा घेऊन वर येतो आणि कोरड्या महिन्यांत कंदाच्या रूपाने झोपून राहतो. पोषक द्रव्यांनी गरीब अशा त्या थरात तो टिकतो, कारण पाणी मऊ असतं आणि ऊन भरपूर असतं. ‘पौष्टिक’ तळाच्या जाहिरातींकडे मी जरा सावधपणे पाहतो तो या झाडांमुळे. वायतुरा मात्र कासवरच पाहावा. २०१२ पासून ते पठार जागतिक वारसा स्थळांत आहे आणि तिथला कंद टाकीसाठी उपटणं हा गुन्हाच मानायला हवा.

माझा कौल विचाराल तर तो असा. धरणाचं मऊ पाणी थेट येत असेल, घाई नसेल आणि क्रिप्टोकोरिन-स्वोर्ड-व्हॅलिस्नेरियाची शांत टाकी हवी असेल, तर वाळवून घेतलेली तांबडी माती, पाचवा हिस्सा गांडूळखत आणि वर वाळू. इतक्या कमी खर्चात दुसरं काही इतकं टिकत नाही. मऊ पाणी, तेज दिवा, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आणि तळाला गालिचा अशी आमानोच्या धर्तीची मांडणी करायची असेल, तर अ‍ॅक्वासॉइलचे पैसे वाचवू नयेत. तिच्या गोळ्यांत बारीक मुळं जशी धरतात तशी वाळूत धरत नाहीत. पाणी बोअरचं, टँकरचं किंवा सॉफ्टनरचं असेल तर वाळू, गोळ्या आणि डीटीपीए किंवा ईडीडीएचएचं लोह. उन्हाळ्यात टँकर आणि एरवी महापालिका अशी दोन पाण्यांवर जगणारी सोसायटी असेल, तर ती टँकरची समजूनच तळ निवडावा, कारण वाईट महिन्यांचं पाणीच टाकी मोडतं.

दोन-तीन वर्षांनी अ‍ॅक्वासॉइलच्या गोळ्या विरघळून चिखल होऊ लागतो आणि तळ काढावा लागतो. ती माती फेकू नये. वाळवून कुंड्यांत घातली की तुळस आणि मोगरा तिच्यावर चांगले फुलतात. मातीबरोबर निघालेल्या काड्या आणि मुळं मात्र उन्हात पूर्ण सुकवूनच कचऱ्यात टाकावीत. मुळा-मुठेत किंवा पाषाणच्या तलावात सोडलेला परदेशी पाणवनस्पतीचा एक तुकडाही तिथे रुजायला पुरतो, आणि त्या पाण्यात त्याला लागणारं सगळं खत आधीच विरघळलेलं आहे.